सात जणांचा पत्ता

सत्तावीस नंबर आत आला तेव्हा डॉक्टरीण आधीच्या पेशंटचा कागद लिहीत होती. मान वर न करताच तिनं समोरच्या स्टुलाकडे बोट दाखवलं.

"बसा. तोंड उघडा."

तो बसला. त्यानं तोंड उघडलं.

तिनं जिभेवर लाकडी पट्टी ठेवून घशात उजेड पाडला. खालची पापणी ओढून पाहिली. मग मानेच्या दोन्ही बाजूंनी, जबड्याखाली बोटं फिरवून गाठी चाचपल्या. गाठी नव्हत्या. एक लहानसा तीळ होता, आणि नाडी जरा जास्तच पळत होती.

"थकवा येतो?"

"अधूनमधून… सोमवारी."

"वजन कमी झालंय?"

"उलट वाढलंय."

"तिकडे आडवे व्हा. शर्ट वर घ्या, पानथरी बघू."

इथे मात्र तो चुळबुळला. "डॉक्टर, एक सांगू का—"

"श्वास आत. बोलायचं नाही."

त्यानं निमूट श्वास आत घेतला. डाव्या बरगडीखाली तिची थंडगार बोटं रुतली, तसा त्याचा चेहरा आधी गुलाबी आणि मग लालबुंद झाला. गुदगुल्या होणाऱ्या माणसानं हसू दाबून धरलं की होतो तसा. रक्ताच्या आजारांचा दवाखाना तिनं अकरा वर्षं चालवला होता. त्या टेबलावर पडून हसू दाबणारा माणूस तिनं पहिल्यांदाच पाहिला.

"तुम्हाला काहीएक झालेलं नाही," ती हात पुसत म्हणाली. "पाठवलं कुणी?"

"मोठ्या सरांनी. मी पेशंट नाही. संशोधन विभागात आकडेवारी बघायला नवीन लागलोय. तुमच्या शोधनिबंधाबद्दल बोलायचं होतं. बाहेर सिस्टर म्हणाल्या, डॉक्टरांना भेटायचंय तर नंबर घ्या. मी घेतला."

दाराशी सिस्टर कागदाच्या गठ्ठ्याआड तोंड लपवून हसत होत्या.

"मग आल्या आल्या सांगायला काय झालं होतं?"

"तुम्ही तोंडात पट्टी घातलीत."

"पट्टी काढल्यावर?"

"तोवर मला वाटलं, इथली रीतच असेल." तो शर्टाची बटणं लावत उठला. एक बटण चुकलं, ते तिनं पाहिलं आणि सांगितलं नाही. "आणि खरं सांगू? गेल्या चार वर्षांत इतक्या आस्थेनं माझी कुणी चौकशी केली नव्हती."

तिला हसू येणार होतं. ओठांपर्यंत आलंही होतं. तेवढ्यात त्यानं खिशातून घडी घातलेला कागद काढला.

"तुमच्या साठ पेशंटांपैकी सात जण मला सापडत नाहीयेत."

हसू आलं तसं परत गेलं.

हा निबंध म्हणजे तिच्या आयुष्याची सहा वर्षं होती. शिकत असताना तिच्याबरोबरचे सगळे हृदयाकडे, हाडांकडे, डोळ्यांकडे वळले. हिला मात्र एकदा सूक्ष्मदर्शकाखाली रक्ताचा थेंब दिसला आणि ही तिथेच अडकली. जांभळ्या ठिपक्यांच्या त्या गर्दीत बिघडलेली पेशी ओळखणं म्हणजे जत्रेत चोर ओळखण्यासारखं आहे, असं ती विद्यार्थ्यांना सांगायची. तिचा विषय होता सावकाश वाढणारा एक रक्ताचा कर्करोग. त्याच्यावर गोळी निघाली, आणि रोज ती गोळी घेऊन माणसं वर्षानुवर्षं जगू लागली. पण गोळी जन्मभराची. तिच्यामुळे पाय सुजतात, मळमळतं, अंग दुखतं. तेव्हा हिनं विचारलं— ज्यांच्या रक्तात आजाराचा मागमूस उरलेला नाही, त्यांची गोळी हळूच थांबवली तर? साठ जण तयार झाले. गोळी थांबली. सतरा जणांचा आजार परतला, त्यांना पुन्हा गोळी सुरू झाली आणि ते सावरले. उरलेले त्रेचाळीस गोळीशिवाय ठणठणीत होते. शंभरात बहात्तर! इस्पितळाचे प्रमुख, मोठे सर, इतके खूश झाले की त्यांनी वार्षिक परिषदेत मोठं सभागृह, पहिला दिवस आणि सकाळची वेळ तिच्यासाठी मागून ठेवली.

आणि हा चुकीच्या बटणाचा माणूस म्हणत होता, सात जण सापडत नाहीत.

"या सातांची शेवटची तपासणी वर्षाहून जुनी आहे," तो म्हणाला. "त्यानंतर कागद कोरा. तुम्ही त्यांना ठणठणीत धरलंय."

"काही झालं असतं तर आले असते ना!"

"किंवा येता आलं नसेल."

"पेशंट तुम्ही ओळखता की मी?"

"तुम्ही," तो शांतपणे म्हणाला. "म्हणून तर तुम्हाला विचारायला आलो. नंबर लावून."

तिनं त्याला दार दाखवलं. दार उघडंच होतं, तरी दाखवलं.

संध्याकाळी घरी आत्यानं विचारलं, "आज जेवणावर का राग?" आई गेल्यापासून आत्याच घर सांभाळायची आणि भात शिजला की नाही ते वाफेवरून ओळखावं तसे भाचीचे मूड ओळखायची. डॉक्टरीण म्हणाली, काही नाही, एक आगाऊ माणूस आलाय नवीन. आत्या म्हणाली, "किती वर्षांचा?" डॉक्टरीण पानावरून उठली.

पण तो कागद तिनं बरोबर आणला होता. सात ओळी. एकेक ओळ वाचली की एकेक चेहरा समोर यायचा. बेकरीवाले काका, हाताला सदैव पीठ. ते निवृत्त हेडमास्तर, जे तपासणीचा कागदसुद्धा लाल पेनानं तपासायचे. नाटक कंपनीत कपडे शिवणाऱ्या ताई… तिनं सातही फोन लावले. दोन बंद, तीन दुसऱ्याच कुणाचे, दोन उचललेच गेले नाहीत. फोन खाली ठेवून ती स्वतःशीच म्हणाली, "मेल्यानं बरोबर पकडलं."

दुसऱ्या दिवशी ती तळघरात गेली. धुतलेल्या चादरींच्या कोठाराशेजारी त्याला खोली मिळाली होती. खोलीत गरम इस्त्रीचा वास, एक टेबल आणि दोन संगणक होते. तो कप घेऊन खिडकीशी उभा होता. खिडकीतून फक्त माणसांचे पाय दिसत.

"रविवारी मोकळे आहात?"

त्याच्या हातातला कप हिंदकळला. "का?"

"सात जण शोधायचेत."

"हे माझ्या कामात बसत नाही."

"माझ्याही नाही."

"किती वाजता?" त्यानं विचारलं.

पहिल्या रविवारी बेकरीवाले काका सापडले. जुनी जागा सोडून त्यांनी दोन रस्ते पलीकडे नवी भट्टी घातली होती. डॉक्टरीण दिसताच त्यांनी पिठाचे हात जोडले.

"डॉक्टरीणबाई! अहो, मी एकदम मजेत. मजेत असलेल्या माणसानं दवाखान्यात येऊन तुमचा वेळ कशाला खायचा?"

"वेळ खा हो काका, पण या. हात करा पुढे."

तिनं रक्त काढायला सुई बाहेर काढली, तसा आकडेवाला भिंतीकडे तोंड करून उभा राहिला आणि पावांच्या लाद्या मोजायला लागला. (आकडेवाला हे सिस्टरांनी ठेवलेलं नाव. आठवडाभरात ते अख्ख्या इमारतीत रुळलं होतं.)

बाहेर पडल्यावर तिनं विचारलं, "तुम्हाला रक्त बघवत नाही?"

"अजिबात नाही."

"आणि रक्ताच्या इस्पितळात नोकरी?"

"जाहिरातीत फक्त 'आकडे' लिहिलं होतं. रक्ताचा उल्लेखच नव्हता."

ती हसली. चक्क रस्त्यात थांबून, पोट धरून हसली. तो तिच्याकडे पाहत राहिला, हातातला गरम पाव निवेपर्यंत.

त्या दिवशी परतताना पाऊस आला. कुणाकडेच छत्री नव्हती. एका बंद दुकानाच्या पत्र्याखाली दोघं भिंतीला चिकटून उभी राहिली. पत्र्याच्या कडेवरून पाण्याची झालर सुटली होती, आणि त्याच्या उजव्या खांद्यावर नेमकी एक धार पडत होती. तो सरकला असता तर तिला धक्का लागला असता, म्हणून तो सरकत नव्हता.

"आधी कुठे होता तुम्ही?" तिनं विचारलं.

तो जरा घुटमळला. "हवामान खात्यात."

"आणि छत्री नाही!"

"म्हणून तर सोडलं." मग पावसाकडे बघत म्हणाला, "तिथे माझं चुकलं तर माणसं भिजायची. शिव्या द्यायची, अंग पुसायची, विसरायची. इथे पहिल्याच दिवशी तुमचे कागद वाचले तेव्हा कळलं, इथलं चुकलेलं असं पुसता येणार नाही."

ती थोडी पलीकडे सरकली आणि त्याची बाही धरून त्याला त्या धारेखालून आत ओढलं. मग दोघांनाही पाऊस थांबायची घाई राहिली नाही.

रविवार जात राहिले. एक बसचालक, त्याची पाळी बदलली होती. डेपोच्या आवारात, बसच्या पायरीवर बसून त्यानं रक्त दिलं आणि वर दोघांना घरापर्यंत रिकाम्या बसमधून सोडलं. एक शिक्षिका दुसऱ्या गावी गेली होती, पण तिनं तिथेच वेळच्या वेळी तपासण्या करून सगळे कागद तारीखवार लावून ठेवले होते. ते बघून आकडेवाल्याच्या डोळ्यांत असं काही तेज आलं की डॉक्टरीण म्हणाली, "मागणी घालताय की काय?" तो म्हणाला, "त्यांचं लग्न झालंय. पहिल्या पानावरच लिहिलंय." चौथी एक पोहायला शिकवणारी पोरगी होती. ती तलावातून बाहेर यायलाच तयार नव्हती. शेवटी तिनं काठावर एक हात ठेवला आणि डॉक्टरीण गुडघ्यांवर बसून भिजली.

हेडमास्तरांनी मात्र दोघांना बसवलं, दार लावलं आणि कपाटातून एक पत्र्याचा डबा काढला. डब्यात गोळ्या होत्या.

"मी कधी थांबवल्याच नाहीत," ते खाली मान घालून म्हणाले. "तुम्ही इतक्या उमेदीनं सांगितलंत, नाही म्हणवेना. आणि थांबवायचं धैर्य होईना. मग तुमच्यासमोर यायची लाज वाटायला लागली."

आयुष्यभर दुसऱ्यांचे कान पिळलेला तो माणूस शिक्षेची वाट बघत उभा होता. डॉक्टरिणीनं त्यांचा हात हातात घेतला. "सर, गोळी चालू ठेवा. फक्त लपवू नका. आणि बुधवारी या."

"छडी नाही?" आकडेवाल्यानं हळूच विचारलं, आणि हेडमास्तर डोळे पुसत पुसत हसले.

सहावं दार एका बाईंनी उघडलं. त्या घड्याळं दुरुस्त करायच्या. डोळ्याला लावायचं भिंग कपाळावर सरकवलेलं होतं. यजमान घरी आहेत का, असं डॉक्टरिणीनं विचारलं. बाईंनी आत यायला सांगितलं, पाणी दिलं, आणि मग म्हणाल्या, "त्यांना जाऊन दहा महिने झाले. हृदय बंद पडलं. गप्पा मारता मारता, या खुर्चीत." त्यांनी फाईल आणून दाखवली. जाण्याच्या तीन आठवडे आधी घराजवळच्याच प्रयोगशाळेत केलेली तपासणी होती. रक्तात आजार नव्हता.

"शेवटची दोन वर्षं त्यांना गोळी नव्हती," बाई म्हणाल्या. "म्हणायचे, जेवणाची चव परत आली." मग थोड्या वेळानं, "दवाखान्यातून कुणी येईल असं वाटलं नव्हतं. बरं वाटलं."

परतताना तो नेहमीसारखी वही उघडून काही लिहीत नव्हता. बसच्या खिडकीतून बाहेर बघत होता. उतरताना त्यानं तिची जड पिशवी घेतली आणि दवाखान्याच्या दारापर्यंत दिली नाही.

इकडे मोठे सर अस्वस्थ झाले होते.

"शुक्रवारी परिषदेची यादी बंद होते. काय तो आकडा देऊन टाक."

"सर, अजून एक जण राहिलाय."

"आकडा म्हणजे काय अंडं आहे, उबवत बसायला? साठातला एक! सभागृह दुसऱ्याला जाईल."

त्या सभागृहात उभं राहायचं स्वप्न तिनं सहा वर्षं पाहिलं होतं. अगदी कुठल्या रंगाचे कपडे घालायचे, इथपर्यंत. "जाऊ दे सर," ती म्हणाली. बोलल्यावर तिला स्वतःलाच नवल वाटलं.

सभागृह गेलं. आकडेवाल्याला ते सिस्टरांकडून कळलं. तो जिना चढून वर आला, तिच्या दारात उभा राहिला.

"माझ्यामुळे झालं हे."

"हो," ती म्हणाली. "आता रविवारी वेळेवर या."

कपडेवाल्या ताई नाटक कंपनीबरोबर गावोगाव फिरत होत्या. त्या आठवड्यात कंपनी परत आली. रंगमंचामागच्या लांबट खोलीत राजांचे झगे, शिपायांचे कोट आणि पऱ्यांचे पंख एकाच दांडीवर टांगलेले होते. ताई मधोमध मशीनवर बसल्या होत्या. डॉक्टरिणीनं दारातूनच पाहिलं. चेहरा उतरलेला, ओठ पांढुरके. कमरपट्टा सैल, पण पोट डावीकडे भरलेलं.

"किती दिवस थकवा आहे, ताई?"

"अहो, दौरा म्हटला की दमायला होतंच. पण काळजी नाही, तुम्ही म्हणाला होतात ना, 'आता तुम्ही मोकळ्या'. मी तेव्हापासून मोकळीच!"

डॉक्टरिणीनं त्यांना तिथल्या बाकावर निजवलं, बरगडीखाली हात ठेवला. पानथरी सुजून चांगली चार बोटं खाली आली होती.

"रक्त घ्यायला लागेल. उजेड कमी आहे इथे." तिनं मागे वळून पाहिलं. "दिवा धरता?"

आकडेवाल्यानं दिवा धरला. डोळे मिटून धरला, म्हणून उजेड छतावर पडला.

"खाली… आणखी खाली. अहो, डोळे उघडा!"

त्यानं उघडले. सुई आत होती, नळी गडद लाल होत होती. तो शेवटची नळी भरेपर्यंत पाय रोवून उभा राहिला, दिवा इंचभर हलू दिला नाही. नळीला बूच लागलं तसा "झालं?" असं विचारून तो अलगद मागे कलला आणि पऱ्यांच्या पंखांत पडला.

ताई स्वतःचं दुखणं विसरून उठून बसल्या. "अगंबाई! हे कोण?"

"हे…" डॉक्टरीण त्याच्या तोंडावर पाणी मारत म्हणाली. "हे आमचे आकडेवाले."

"आमचे का?" ताईंनी विचारलं आणि सुईत दोरा ओवावा तशा बारीक नजरेनं दोघांकडे पाहिलं.

अहवाल मंगळवारी आला. आजार परतला होता, वर्षभर कुणाच्या नकळत वाढत होता. पण अजून हाताबाहेर गेला नव्हता. आणखी चार-सहा महिने गेले असते तर गेला असता. त्याच दिवशी गोळी सुरू झाली.

डॉक्टरीण प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात, उंच स्टुलावर बसून राहिली. तो आला आणि शेजारच्या स्टुलावर बसला.

"'आता तुम्ही मोकळ्या'," ती म्हणाली. "माझेच शब्द. आनंदात बोलून गेले. तपासणीला यायचंय, हे त्यांच्या कानापर्यंत गेलंच नाही."

तो म्हणाला, "मला अशा वेळी बोलता येत नाही. आकडे असते तर…"

"मग आकडे सांगा."

"सात दारं. पाच रविवार. एक बाई सापडल्या, वेळेत." त्यानं खिशातून रुमाल काढला, तो इस्त्रीचा होता, चादरींच्या कोठारातल्या मावशींची मेहेरबानी. "आणि उद्यापासून प्रत्येक पेशंटच्या हातात पुढची तारीख लिहिलेला कागद. मी तसा तक्ता करतो. कोणी चुकला की तिसऱ्या दिवशी फोन."

तिनं रुमाल घेतला. डोळे पुसले, नाक शिंकरलं, आणि रुमालाकडे बघून म्हणाली, "हा आता परत नाही मिळायचा." रडता रडता ती हसली आणि त्याला वाटलं, हवामान खात्यात असताना हे असं ऊन-पाऊस एकदम आपल्याला कधीच वर्तवता आलं नसतं.

बाकीच्या पेशंटांच्याही दारात जाऊन येण्यात पुढचे रविवार गेले, आणि तीन महिन्यांनी ताईंचं रक्त पुन्हा तपासलं. आजार झपाट्यानं ओसरत होता. ताई स्वतःच्या पायांनी जिने चढून आल्या, डॉक्टरिणीसाठी निळ्या कापडाचा एक सुंदर कोट शिवून आणला. "परिषदेत घालायचा," असं बजावलं.

परिषदेत तिला तिसऱ्या मजल्यावरचं लहान दालन मिळालं होतं, शेवटचा दिवस, जेवणानंतरची वेळ. ऐकायला अकरा जण. त्यातला एक पेंगत होता, आणि दोघं बहुधा थंड हवेसाठी आले होते. शेवटच्या रांगेत मोठे सर हाताची घडी घालून बसले होते. पहिल्या रांगेत आकडेवाला होता. आज सगळी बटणं जागच्या जागी होती.

तिनं सांगितलं. साठ जण कसे निवडले, सात कसे निसटले, कसे शोधले. हेडमास्तरांनी गोळी थांबवलीच नव्हती, घड्याळवाल्या बाईंचे यजमान दुसऱ्या कारणानं गेले. ते दोघं वेगळे काढले. उरले अठ्ठावन्न. त्यांपैकी चाळीस गोळीशिवाय बरे. शंभरात एकोणसत्तर.

"बहात्तर नाही," ती म्हणाली. "एकोणसत्तर. आणि यातला प्रत्येक जण मी डोळ्यांनी पाहिलाय." मग तिनं शेवटी सांगितलं की गोळी थांबवताना पेशंटशी नेमके कोणते शब्द बोलावेत आणि कोणता एक शब्द बोलू नये. पेंगणारा माणूस जागा झाला आणि लिहून घ्यायला लागला.

"कुणाला काही विचारायचंय?"

पहिल्या रांगेत हात वर झाला.

"वेगळे काढलेले दोघं जर वेगळे काढले नसते," आकडेवाला गंभीरपणे म्हणाला, "तर तुमचा निष्कर्ष बदलला असता का?"

खोचक प्रश्न होता. पण उत्तर तिच्या जिभेवर होतं. तिनं फळ्यावर दोन्ही बाजूंनी गणित मांडून दाखवलं— दोघंही बरे धरा, दोघंही आजारी धरा— आकडा इकडे तिकडे दोन-तीनच सरकत होता. दालनात टाळ्या वाजल्या. अकरा जणांच्या टाळ्या त्या, पण मोठ्या सरांच्या सगळ्यात जोरात. जाताना ते तिच्यापाशी थांबले, "मोठ्या सभागृहात हे कुणी विचारलं असतं आणि उत्तर नसतं, तर माझी अब्रू गेली असती," एवढं पुटपुटले आणि निघून गेले. त्यांच्या भाषेत ती माफी होती.

मागच्या जिन्यावर ती त्याला गाठून म्हणाली, "सगळ्यांसमोर मला कोंडीत पकडलंत!"

"उत्तर तुम्हाला येत होतं. नाहीतर विचारलं नसतं."

"आणि नसतं आलं तर?"

"तर… शिंक आल्याचं सोंग केलं असतं."

खालून कुठूनतरी कपबश्यांचा आवाज येत होता. जिन्याच्या खिडकीतून उतरतं ऊन तिच्या निळ्या कोटावर पडलं होतं. ती एक पायरी वर उभी होती म्हणून दोघांचे डोळे समोरासमोर आले होते.

"आता मला एक विचारायचंय," ती म्हणाली. "पण तुम्ही मधेमधे बोलायचं नाही."

त्यानं मान हलवली.

"अभ्यास संपला. आता रविवारी शोधायला कुणी उरलं नाही. गेल्या रविवारी मी घरी होते. आत्यानं दोनदा विचारलं, दार कशाला बघतेस सारखी… मला कळलं, मी कशाला बघतेय. मला तुम्ही आवडता. पत्र्याखाली उभे होतो तेव्हापासून असेल. की पंखांत पडलात तेव्हापासून… नेमकं सांगता येणार नाही. बोला आता."

ज्यानं तिच्या निबंधात एकेचाळीस शंका काढल्या होत्या, त्याला एक शब्द सापडत नव्हता. कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"मी…" शेवटी तो म्हणाला, "गेल्या रविवारी मी बेकरीवाल्या काकांकडे गेलो होतो. उगीच. त्यांनी विचारलं, डॉक्टरीणबाई कुठायत? मी म्हटलं, आज काम नाही. तर ते म्हणाले, मग तू इथे काय करतोयस, तिथे जा! मी तुमच्या गल्लीच्या टोकापर्यंत येऊन परत गेलो. तीन वेळा."

"तीन?"

"मोजलं मी."

तिनं हात पुढे केला. त्यानं तो दोन्ही हातांत घेतला, आणि तिला जाणवलं की ती नेहमी लोकांचे हात धरते ते नाडीसाठी. हा हात तिला कशासाठीच नको होता, फक्त हवा होता.

तेवढ्यात फोन वाजला. आत्या. भाषण कसं झालं, हे विचारायला. डॉक्टरिणीनं एका दमात सांगून टाकलं: भाषण छान झालं, आणि आत्या, मी एकाला घरी घेऊन येतेय.

पलीकडून लगेच, "कोण गं? काय करतो?"

"आकड्यांचं काम."

"आकडे?" आत्याचा आवाज अख्ख्या जिन्यात घुमला. "जुगारी आहे की काय मेला?"

तो भिंतीला टेकून हसायला लागला. तीही. फोनमधून "अगं सांगशील का नीट!" येत राहिलं, आणि तिला नीट काहीच सांगता येईना.

शेवटी तिनं फोन ठेवला, डोळे टिपले. त्यानं तिची पिशवी खांद्याला अडकवली.

"चला, डॉक्टर."

"'चला' काय, आणि 'डॉक्टर' काय…" ती एक पायरी खाली उतरून त्याच्या बरोबरीनं उभी राहिली. "नीट म्हण."

तिच्या तोंडचा पहिला एकेरी शब्द त्यानं ऐकला, आणि कानांपासून सुरू झालेली लाली गालांपर्यंत उतरली.

"चल," तो म्हणाला.